मुलगी माणसं रंगवायची म्हणते: एका बापाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी बारावी सायन्सला. घरी ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. ती म्हणते, मला माणसं रंगवायची आहेत, फिगरेटिव्ह पेंटर व्हायचंय. तुम्ही विचारलंय की यात पोट भरतं का, शिक्षण कुठलं घ्यायचं, आणि खिशाखिशात कॅमेरा असताना माणसं रंगवून घेतं कोण. सोबत तिच्या पाच चित्रांचे फोटो पाठवलेत.

मी गेली पस्तीसेक वर्षं कोल्हापुरात हाच उद्योग करतो. व्यक्तिचित्रं, प्रसंगचित्रं, सुरुवातीला सिनेमाचे बॅनर, मध्ये काही वर्षं शाळेत चित्रकला शिक्षक. त्यामुळं उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पाचांतली तीन चित्रं मी बघून पुढं गेलो. एक नटी, एक क्रिकेटपटू, एक शिवाजी महाराज. तिन्ही इंटरनेटवरच्या चित्रांवरून, पेन्सिल घासून घासून गुळगुळीत केलेली, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा अशी. पाहुणेमंडळी याला 'अगदी फोटोच काढलाय बघा' म्हणतात आणि घरच्यांना बरं वाटतं. चौथं आजीचं, ठीक आहे. पाचवं तुमच्या गुळव्याचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या गड्याचं.

पाचव्यावर मी बराच वेळ थांबलो. शाळेच्या वहीचा रेघांचा कागद, बॉलपेन. काहिलीवर, म्हणजे रस शिजवायच्या मोठ्या कढईवर, वाकलेला माणूस, हातात लांब दांड्याचं फावडं. तोंडाच्या जागी नुसता अंड्याचा आकार. उजवा हात कोपराखाली चक्क चुकलाय, वीतभर लांब झालाय. पण त्या माणसाचं सगळं वजन डाव्या पायावर आलंय. डावी टाच जमिनीत रुतलीय, उजवा पाय नावाला टेकलाय, कंबरेची डावी बाजू वर चढलीय आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरलाय. हे तिला कुणी शिकवलेलं नसणार. रोज बघून बघून हातात उतरलंय. फोटोवरून काढलेली तिन्ही माणसं हवेत तरंगतात, हा गडी मात्र जमिनीवर उभा आहे.

आता माझी एक गोष्ट सांगतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्यापुढं मॉडेल म्हणून मार्केट यार्डातले एक म्हातारे हमाल बसवले होते. मी तासभर खपून नाक, डोळे, मिशा अशा काही काढल्या की शेजारची पोरं उठून बघायला आली. सर मागं येऊन उभे राहिले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग अंगठ्यानं माझा कोळशात काढलेला सगळा चेहरा पुसून टाकला. म्हणाले, "हा बसलाय कशावर?" मी बघितलं, तर खाली स्टूलच काढलेलं नव्हतं. "आधी बूड टेकव, मग नाक काढ." त्या दिवशी राग आला. पुढची पाच वर्षं मी तेवढंच शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

बाहेरून वाटतं की माणूस रंगवणं म्हणजे चेहरा हुबेहूब जमवणं. साम्य हे लागतंच, पण ते सरावानं येतं, चांगल्या बॅनरवाल्याला डोळे झाकून येत होतं. अवघड असतं ते माणसाचं वजन: तो कशावर रेललाय, कुठल्या हाडावर भार आहे, अंगातलं कापड कुठं ताणलंय आणि कुठं सैल लोंबतंय. मोबाइलचा फोटो हे सांगत नाही. जवळून काढला तर नाक फुगतं, कान मागं पळतात. सावल्या काळ्याठिक्कर होऊन आतला आकार गिळतात. आणि फोटोतला माणूस थकत नाही. समोर बसलेला माणूस दहाव्या मिनिटाला खांदा सोडतो, पंधराव्याला मान कलती करतो, आणि बहुतेक वेळा तीच त्याची खरी बैठक असते. म्हणून आम्ही मॉडेलला वीसेक मिनिटं बसवतो, पाच मिनिटं पाय मोकळे करायला देतो, पुन्हा बसवतो. पाटावर खडूनं पावलांच्या खुणा करून ठेवतो. फोटो वापरूच नये असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. पण ज्यानं शे-दोनशे माणसं प्रत्यक्ष बसवून काढलीत त्यालाच फोटोत काय हरवलंय ते कळतं.

शिक्षणाचं आता सरळ सांगतो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तिनं दिल्या असतील तर उत्तम. बारावीनंतर पदवी हवी असेल तर बीएफए, चार वर्षं, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दुसरा रस्ता पदविकेचा: एक वर्ष फाउंडेशन आणि त्यावर चार वर्षं जी. डी. आर्ट, त्यात रेखा व रंगकला हा विषय. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर एटीडी. नियम दर दोन-तीन वर्षांनी हलतात, तेव्हा अर्ज भरायच्या वर्षीचंच माहितीपत्रक वाचा, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका. कोल्हापुरात दत्तोबा दळवींच्या नावानं चालणारं दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, कलानिकेतन आहे. मुंबईला जायची तयारी असेल तर 1857 साली सुरू झालेलं सर जे. जे. आहेच. कुठंही जा, प्रवेशाआधी एकच गोष्ट विचारा: आठवड्यातून किती तास जिवंत मॉडेल बसवता? इमारत, संगणक, वार्षिक प्रदर्शन, सगळं नंतर. उत्तर गोलगोल आलं तर समजून घ्या. आणि मॉडेल मिळत नसेल तर पोरांनी आळीपाळीनं एकमेकांसमोर बसावं, आम्ही तसंच केलं.

कॉलेजच्या बाहेरचं शिक्षण या गावात फुकट आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमान यांची मूळ चित्रं आहेत, तिला घेऊन जा आणि तासभर एकाच चित्रापुढं उभी करा. पुस्तकातल्या छपाईत रंगाचा थर दिसत नाही, ब्रश कुठं उचलला ते दिसत नाही. जानेवारीत टाउन हॉलच्याच बागेत रंगबहार या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. गाणं चालू असतं आणि चित्रकार, शिल्पकार लोकांसमोर माणूस बसवून काम करतात. तिथं चित्राकडं बघू नका, चित्रकाराच्या मानेकडं बघा. चांगला चित्रकार कागदापेक्षा माणसाकडं जास्त वेळ बघतो. सवड काढून एक दिवस औंधलाही जा. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय तिथं आहे, राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. एसटीनं सकाळी निघालात तर संध्याकाळी परत.

पोट भरण्याचं सांगायचं तर याच गावातले दोन चित्रकार डोळ्यांपुढं ठेवतो.

एक महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म 1867, बालपण आणि शाळा कोल्हापूरची. 1890 साली जे. जे.मध्ये शिकायला गेले, तिथंच शिक्षक झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असं नाव दिलं, त्यात सगळं आलं. नोकरीचा पगार होता, त्याच्या जोडीला पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रं, पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं, नवी दिल्लीच्या सरकारी इमारतीतली भित्तिचित्रं. लग्नाची वरात, बाजार, पाणवठा, दारात उभी बाई: माणसांचा घोळका रंगवावा तर त्यांनी. काम येईल तसं घेतलं आणि कुठलंही हलकं मानलं नाही.

दुसरे आबालाल. तेही जे. जे.मध्येच शिकले, पण परत आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आधार दिला. रंकाळा, पंचगंगा, संध्यामठ, कोटितीर्थ यांपलीकडं त्यांना फार जावंसं वाटलं नाही. 1922 साली महाराज गेले, तेव्हा या माणसानं आपली चित्रांची चळत कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली असं जुनी माणसं सांगत. 1931 साली तेही गेले. मुलं मला विचारतात, यातलं कुणाचं बरोबर? मी सांगतो, आश्रयदाता एकच असला की काय होतं ते बघा.

आणखी एक घराणं आहे, त्याला कुणी कॉलेजचा दाखला दिला नव्हता. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांचे भाऊ आनंदराव. नाटकाचे पडदे रंगवून नावारूपाला आले. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली 'सैरंध्री' आणला. सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. 'कल्याण खजिना'चं 1924 सालचं पोस्टर आजही दाखवलं जातं. पुढं याच रस्त्यानं जी. कांबळे आले. पोस्टर रंगवणारा माणूस, आणि त्यांनी रंगवलेलं शिवाजी महाराजांचं चित्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर तेच असतं. तुमच्या मुलीनं काढलेले महाराज बहुधा त्याच चित्राची नक्कल आहेत. तिला सांगा, त्यांनी ते अंधारातून शोधून काढलं होतं, तिला आयतं मिळालंय.

मीही बॅनरवर हात बसवला. वीस फुटी नायकाचा डोळा काढताना शिडीवरून तो तुम्हाला दिसतच नाही, फक्त रंग दिसतो. खाली उतरून रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यापाशी जाऊन बघायचं आणि परत शिडी चढायची. टोन, म्हणजे रंगातला उजेड-अंधार, काय असतो ते मला तिथं कळलं. मग 2000 नंतर फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत पेंटरांची अख्खी फळी घरी बसली. काहींनी फ्लेक्सचीच मशीन घेतली, काही रिक्षावर गेले. मला बी.एड. झालेल्या बायकोनं आधीच एटीडी करायला लावलं होतं म्हणून शाळेत लागलो. हे मी लपवत नाही. या धंद्यात घरात एक तरी ठरावीक तारखेचा पैसा लागतो.

आज पैसा येतो तो असा. सगळ्यात जास्त संस्थांच्या व्यक्तिचित्रांतून. कारखाना, पतसंस्था, शाळा, दूध संघ, सगळीकडं माजी अध्यक्षांचं तैलचित्र लागतं, आणि त्याची आठवण माणूस गेल्यावर होते. मग हातात येतो आधार कार्डावरचा नाहीतर लग्नाच्या अल्बममधला फोटो, ज्यात त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात असतो. एका संस्थेसाठी मी त्यांच्या संस्थापकांचं पूर्णाकृती चित्र केलं. माणूस उन्हातान्हात राबलेला, करपलेल्या रंगाचा. तो रंग साधायला मला पंधरा दिवस लागले. सावळ्या कातडीवर दाराबाहेरचा उजेड कपाळावर निळसर पडतो आणि गालाच्या खाली तांबूस परततो. ते पकडणं म्हणजे आनंदाचं काम. समिती बघायला आली आणि म्हणाली, छान आहे, जरा गोरे करा. मी नाही म्हटलं. चित्र वर्षभर माझ्या भिंतीला टेकून राहिलं, उरलेले पैसे बुडाले. तेव्हापासून माझा नियम आहे: निम्मे पैसे आधी, माप लिहून, आणि मान्यता देणारा माणूस एकच, त्याचं नाव कागदावर. मुलीला ब्रश धरायला शिकवाल तेव्हाच हेही शिकवा.

बाकी प्रदर्शनं. शाहू स्मारक भवनात पहिलं करावं; गावचे लोक येतात, विकलं नाही तरी उणीदुणी तोंडावर सांगतात. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करून काही वर्षं थांबावं लागतं, तेव्हा शिकत असतानाच अर्जाची चौकशी केलेली बरी. बॉम्बे आर्ट सोसायटी, राज्य कला प्रदर्शन यांना दरवर्षी काम पाठवत राहायचं, निवड झाली नाही तरी. खाजगी गॅलऱ्या विक्रीतला मोठा हिस्सा ठेवतात, तिसरा भाग ते निम्मा, ते धरूनच किंमत सांगायची. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, मंदिरांतली भित्तिचित्रं, हॉटेलांसाठी मोठी कामं, हे अधूनमधून. लाखांची गोष्ट पहिल्या दहा वर्षांत कुणी करत असेल तर त्याला नमस्कार करून पुढं जा.

आता ती रंगवणार काय, याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण इथंच बरेचजण गाडी रुळावरून घालवतात. आपल्याकडं माणसं रंगवायची म्हणजे ठरलेली पात्रं: पटकेवाला सुरकुतलेला म्हातारा, डोक्यावर घागर घेतलेली नाजूक बाई, वासुदेव, धनगर. स्पर्धेत हमखास नंबर. त्या घागरवाल्या बाईच्या मानेवर पाण्याचा भारच नसतो! भरलेली घागर डोक्यावर असली की मानेच्या शिरा ताठ होतात, हनुवटी आत जाते, पोटरीला पीळ पडतो. ज्यांनी कधी पाणी भरलं नाही त्यांनी ती चित्रं काढलीत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यामुळं माझे काही मित्र माझ्याशी बोलत नाहीत.

मी स्वतः पंधरा वर्षं तालमीच रंगवल्या. सकाळी सहाला वही घेऊन कोपऱ्यात बसायचं. खेळणारे पैलवान काढायचा नाद पहिल्या महिन्यातच सोडला, ते हातात येत नाहीत. मेहनत संपल्यावर भिंतीला टेकून बसलेला पैलवान काढायचा. पाठीवर ओल्या लाल मातीचा थर, घामाच्या धारेनं त्यात पडलेली वाट, चुरगळून गोळा झालेला कान, गुडघ्यावर टाकलेले दोन्ही हात आपलेच नसल्यासारखे. एवढा ताकदीचा माणूस आणि बसलाय लहान पोरासारखा. याच बैठकीची मी चाळीसएक चित्रं केली असतील, अजून पुरी हाती लागलेली नाही.

तुमच्या मुलीला जुन्या तालमीच्या हौद्यापाशी असं बसता येईलच असं नाही. पण तिच्याकडं जे आहे ते माझ्याकडं नाही. गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाड सारणारा, त्याच्या फक्त एका बाजूला पडलेला तांबडा उजेड. आदण, म्हणजे शिजलेला रस, उतरताना काहिलीचे कान धरून चौघांनी एकाच वेळी घेतलेला भार. ढेप उचलणाऱ्या बायकांच्या पाठी. आणि घरातल्या बाया, ज्यांच्यापुढं माझ्यासारखा बाप्या वही घेऊन बसला की त्या लगेच पदर सावरून सरळ बसतात आणि चित्र तिथंच मरतं. तिच्यापुढं त्या सावरणार नाहीत. चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरला आहे, लोक लांबून बघायला जातात. त्याला त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. मॉडेल घरात मिळतं.

रंगांचं लगेच डोक्यात घेऊ नका. सहा महिने कोळसा आणि बॉलपेन. खोडरबर तुम्ही काढून घ्या, ती रागावली तरी चालेल. मग तैलरंगात चारच नळ्या: पांढरा, पिवळा ऑकर, सिंदुरी लाल, काळा. स्वीडनचा अँडर्स झोर्न एवढ्यावर अख्खी माणसं उभी करायचा. काळ्यात ऑकर मिसळला की हिरवट येतो, ती आपल्या सावळ्या कातडीतली सावली. दुकानात 'स्किन' नावाची गुलाबी नळी मिळते, ती फुकट दिली तरी घरी आणू नका.

आणि सायन्सचं वर्ष नीट पूर्ण करू द्या. जीवशास्त्राच्या पुस्तकातला सांगाडा तिला पुढं आमच्या कुणापेक्षाही जास्त कामाला येईल.

एवढ्यात करायचं ते सांगतो. हंगाम चालू आहे. आदण उतरलं की गुळव्या क्षणभर कुठंतरी टेकतो, कट्ट्यावर, उसाच्या मोळीवर. त्याला विचारा, पंधरा मिनिटं बसतोस का, हलू नको म्हणावं. चहा तुमच्याकडून. अशी वीस चित्रं झाली की वही घेऊन दोघं या, फोटो पाठवू नका. आणि तो वीतभर लांब झालेला हात तिला आत्ताच दुरुस्त करू देऊ नका, मला तो तसाच बघायचाय.